पहिली अंघोळ

त्या दिवशी टँकर दुपारी आला. लातूर वेगळा जिल्हा होऊन सहा महिने झाले होते, पण जळकोटजवळच्या त्या गावाला पाणी टँकरचंच होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या सिंधूनं आठव्या महिन्यात तीन घागरी वाहिल्या आणि ती चुलीपुढं बसली. आईनं, भामाबाईनं, तिच्या ताटात अर्धीच भाकरी टाकली.

"जास्ती खाल्लं की लेकरू पोटात वाढतंय, मग अडतंय. शंभर बाळंतपणं केलीत मी."

"मग तुझा नातू उंदराएवढा होईल बघ!" सिंधू हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. लेकरू खरंच ओंजळीत मावेल एवढं होतं. भामाबाईनं त्याला पायावर घेऊन तेल चोळलं, घंगाळभर पाण्यानं न्हाऊ घातलं, पहिला चीक पिळून टाकायला लावला. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

"देवानं नेलं," भामाबाई म्हणाली. सिंधूनं नुसती मान हलवली.

वर्षानं सिंधूची भावजय सरजा त्याच घरात आठव्या महिन्यातच बाळंत झाली. सिंधू मदतीला माहेरी आली होती. मुलगी. भामाबाईनं चुलीवर पाणी ठेवलं, तेवढ्यात उपकेंद्रातली कांबळे सिस्टर वजनकाटा घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. या घरात तिला कुणी आत ये म्हणत नसे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, न्हाऊ घालू नका. दीड किलोबी भरणार न्हाई हे. अंगावर चरबी न्हाई, पाण्यानं लगेच गार पडंल."

"काल नोकरी लागली न् आज मला शिकवायलीस? तुझ्या वयापेक्षा माझी बाळंतपणं जास्त!"

"कोरड्या फडक्यानं पुसा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून लुगडं पांघरा. चीक फेकू नका, त्यातच ताकद हाय. ओढता येत नसंल तर पिळून चमच्यानं पाजा. तरी पेईना, तर लगेच उदगीरचा दवाखाना. न् पोटुशीला पोटभर घाला. उपाशी बाईनं ओझी वाहिली की लेकरू बारकं होतंय, दिवस भरायच्या आधी येतंय."

"ऐकलंस का गं सिंधू? भाकरीबी मीच चोरली म्हणं!"

सिंधूनं चुलीवरचं पाणी उतरवलं.

"सिस्टर, आत या."

"माझ्या घरात?" भामाबाई कडाडली.

"हाव, तुझ्याच घरात!"

सिस्टर आत आली. तिनं लेकरू सरजाच्या छातीवर पालथं ठेवलं. भामाबाई भिंतीकडं तोंड करून बसली. तासाभरानं मुलीचे तळवे गुलाबी झाले, तिनं चुटूचुटू दूध ओढलं. भामाबाई हळूच पुढं सरकली, तिनं तळव्यांना बोट लावून बघितलं.

आपल्या घरोघरी या रीती मायेनं पाळल्या जातात, म्हणून त्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण मायेनं केलेली चूकही चूकच असते, आणि ती घरातल्याच कुणीतरी अडवावी लागते!

भामाबाईचं बोट अजून तळव्यावरच होतं.

"मागल्या सालीबी असंच करायचं होतं का गं?"

सिंधू आईच्या समोर येऊन बसली.

"हाव, आई. तुझ्या अंघोळीनं त्याचे ओठ निळे पडले. मी बघितलं होतं. तुझ्या भ्यानं मी बोलले न्हाई."