वितळल्या मिठातली साक्ष

मी इलेक्ट्रोड बोलतोय. शोधू नका, सापडणार नाही. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर केसाहून बारीक टंगस्टनची रेघ, वर काचेसारखं कवच आणि टोकाशी उघडं ठेवलेलं इवलंसं तोंड, एवढाच माझा संसार.

जन्म एडिनबरोचा. तिथल्या धूळमुक्त खोलीत माणसं नखशिखांत झगे घालून वावरतात. आम्हाला धूळ लागू नये म्हणून स्वतः घामाघूम होतात. इतका मान मला पुन्हा कुणी दिला नाही. पुढे माझी रवानगी झाली साडेचारशे अंशांवर वितळलेल्या मिठात. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन अशा मिठात शुद्ध करतात. त्यात कोणता धातू किती विरघळलाय, ते मी सांगायचं.

माझी मालकीण इशबेल. तीन वर्षं ती याच संशोधनात बुडालेली. माझी अकरा भावंडं त्या मिठात तडकून गेली, मी शेवटचा. मी टिकलो, पण माझ्या मापांच्या आलेखावर नको तिथे उंचवटा आला.

"हाही वाया गेला," असं म्हणून ती प्रबंधात लिहायलाच बसली: हे इलेक्ट्रोड भरवशाचे नाहीत.

मला फार लागलं. मिठात पाणी शिरलं होतं आणि मी तेच तर सांगत होतो.

प्रयोगशाळेतला म्हातारा तंत्रज्ञ मर्डो मागे कान खाजवत उभा होता.

"पोरी, त्याला बोल लावू नकोस. काल मी मीठ मोजत होतो, तेवढ्यात अकरा वाजले."

"मग?"

"मग काय, चहा. बरणी उघडीच राहिली."

"किती वेळ?"

"बिस्किटं चांगली होती गं."

हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि एडिनबरोच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पण अकरा वाजले की या मंडळींना जगबुडीलासुद्धा थांबायला सांगता येतं.

इशबेल हसली नाही. तिने नोंदवही पुढे सरकवली. "तुमच्या हातानं लिहा."

मर्डोने लिहिलं: झाकण उघडं राहिलं. कारण, चहा.

मला पुन्हा बुडवलं, कोरड्या मिठात. दुसऱ्या बुडीतून आमच्यातला कुणीच वाचला नव्हता. मी चाळीस मिनिटं जीव मुठीत धरून तग धरला. उंचवटा नाहीसा झाला, आणि मग माझं कवच सुटलं.

इशबेलने प्रबंधातलं ते वाक्य खोडून तिथे लिहिलं: इलेक्ट्रोडने पहिल्या वेळीही खरंच सांगितलं होतं. आता मी कापूस घातलेल्या डबीत पडून आहे, कुणाच्याच कामाचा नाही. तरी मन भरून आलंय.

माझ्या जागी दुसरा येईल. त्याने नावडतं काही सांगितलं, तर चिडण्याआधी मीठ तपासा. आणि चहाला कोण गेलं होतं, तेही विचारा.