नंदीचा पाय

पोरांचा तान्हा पोळा तोंडावर आला आणि आठवीच्या वर्गाच्या लाकडी नंदीचा पाय मोडला. पोरांनी जीव ओतून सजवलेला नंदी! झूल शिवली होती, शिंगं रंगवली होती. तो वाडीभर मिरवायचा, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ मिळवायचा, सगळं ठरलेलं. संताप होणारच. आणि संतापाला कोणाची तरी मान लागते. ती बंटीची सापडली. सजवायला घेतलं नाही म्हणून तो मागे चिडून म्हणाला होता, "पडन तुमचा नंदी!"

"त्याले नंदी ओढाची दोरी धरू द्याची नाही," करिष्मा कडाडली. सगळा वर्ग तिच्या मागे.

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या वंदना मॅडमना वाटलं, धडा आयताच चालून आला. त्यांनी वर्गातच न्यायालय भरवलं. "राग बाजूला ठेवा. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यानंच बोलायचं."

मग काय! पाहिलं कोणीच नव्हतं. मॅडमनी मोडका पाय उजेडात धरला. आतून किड्यानं पार पोखरलेला. भुसा झरझर गळला. कोणी हात न लावताही तो आज ना उद्या मोडणारच होता.

वर्ग ओशाळला. करिष्मा उठली आणि मोठ्या मनानं म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. बंटीले आमी माफ केलं. धरू द्या त्याले दोरी." पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅडमचाही ऊर भरून आला, त्यांनीही वाजवल्या. न्याय झाला, वर दयाही झाली, आणखी काय हवं?

बंटीनं दोरीला हात लावला नाही. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"मी काही केलंच नाही, तं माफ काहून करून राहिली वं?"

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. राग बाजूला ठेवा, हे मॅडमनी शिकवलं होतं; त्या जागी काय ठेवायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं होतं. त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली.

करिष्मा पुढे झाली. मग दोरी उचलून बंटीपाशी आली.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. "तूच माफ कर गा."

बंटीनं बाहीनं डोळे पुसले. "पाहू मंग," म्हणाला, आणि नंदीचा पाय बांधायला सुतळी शोधू लागला.