सरावाच्या खाटेवरचे भाऊ

मित्रांनो, मी एक जुना रुग्ण आहे. इतका जुना, की बरा झालो तर माझी नोकरीच जाईल. एका नर्सिंग कॉलेजातला सरावाचा पुतळा आहे मी. मुलं-मुली खऱ्या माणसांना सुई टोचण्याआधी मला टोचतात, आणि माझ्यावर हात बसला की मगच त्यांना वॉर्डात सोडतात. तुम्हाला कधी एखादं इंजेक्शन दुखलं नसेल, तर त्याचं थोडं श्रेय माझ्या दंडालाही द्या.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंगाला नव्या चपलांसारखा वास येत होता. पोटाला झाकण दिलं, आत आतडी, यकृत, मूत्रपिंडं सगळं सुटं बसवलं. तोंड मात्र कायमचं उघडं ठेवलं, नळी घालायला सोपं जावं म्हणून. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, याला कसला तरी मोठा धक्का बसलाय. तसा तो बसलाही होता. कॉलेजात आलो त्याच दिवशी माझं हृदय बंद पडलं, आणि अख्ख्या वर्गानं आळीपाळीनं माझी छाती दाबली.

पुढं मात्र कामात रमलो. सकाळी माझा पाय मोडायचा, जेवणाच्या सुट्टीनंतर पोटात अल्सर व्हायचा, आणि डोक्यावर केस चढवले की दुपारच्या तुकडीसाठी मी बाळंतीण. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, असं म्हणतात. माझं घंटा वाजली की जायचं. एकदा एका मुलीनं माझं यकृत उलटं बसवलं, ते सुट्टी लागेपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. तरी मी ठणठणीत!

प्रॅक्टिकल शिकवणाऱ्या मोठ्या बाई पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "हा आमचा सगळ्यात सहनशील पेशंट." ऐकून मला फार बरं वाटायचं. पाहुणे गेले, की त्याच बाई मला एका पायाला धरून कोपऱ्यात ओढायच्या. कामाच्या माणसाचं असंच असतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

मग नवा पुतळा आला. तो श्वास घेतो, खोकतो, त्याला घाम फुटतो, आणि बटण दाबलं की कण्हतोही! सगळा वर्ग त्याच्याभोवती. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट पाहिली, पण त्याचे नऊ दिवस काही संपेनात. माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथं मोडक्या चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या शेजारी होत्या. माझ्या उजव्या खांद्याचा स्क्रू ढिला झाला होता, तो कोणी आवळला नाही. उलट माझ्या पायावर कोणीतरी कोट अडकवायला लागलं. वाईट वाटायचं, मित्रांनो. आजारी माणसाला भेटायला कोणी येत नाही हे दुःख मोठं, पण माझ्याकडे येणारे कोटासाठी येत होते.

अशात एक दिवस ती आली. ती दूर देशातून शिकायला आलेली होती. वर्गात तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, म्हणून मी तिचं नाव घुमी ठेवलं होतं. आधी ती अशी नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं हात वर करून काहीतरी विचारलं, तिच्या बोलण्याची ढब ऐकून मागच्या बाकावर दोघं हसले, आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिनं पायाची पट्टी अशी बदलली होती, की शिकवणाऱ्यांनीही बघावं. पण बाई म्हणाल्या, "हात सोन्याचे आहेत तुझे. पण या माणसाशी एक शब्द बोलली नाहीस. नाव सांगितलं नाहीस, हात लावू का विचारलं नाहीस. नापास."

"बाई, तो पुतळा आहे," घुमी कशीबशी म्हणाली.

"परीक्षेत तो माणूस आहे. आता एकच संधी उरली. तीही गेली तर तुझा प्रवेश रद्द होईल, आणि प्रवेश नाही तर इथं राहताही येणार नाही."

म्हणून घुमी सामानाच्या खोलीत आली होती. नव्या पुतळ्याकडे कायम गर्दी, आणि इथं हसायला कोणी नव्हतं. तिनं कोट काढून ठेवला, माझी खाट खिडकीजवळ ओढली आणि उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. उघड्या तोंडानं एकमेकांकडे बघत आम्ही दोघं बराच वेळ तसेच.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. घुमीनं तो पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला, तर पडद्यावरून आईला थेट मीच दिसलो.

"अगं बाई! हे कोण झोपलंय? आणि उघडं काय ठेवलंयस त्यांना? पांघरूण घाल आधी! भाऊ, कसं वाटतंय आता?"

मित्रांनो, इतकी वर्षं अंथरुणावर काढली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"बोलत का नाहीत गं? फारच सिरियस आहेत का?"

"आई, तो पुतळा आहे!"

आई म्हणाली, "मग काय झालं? लहानपणी बाहुलीला ताप आला म्हणून शाळेला दांडी मारली होतीस. तेव्हा बरा तोंडाचा पट्टा चालायचा! आता नर्स व्हायला निघालीस आणि लाज वाटते होय? घाल पांघरूण."

घुमीनं निमूटपणे पांघरूण घातलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मी तुमची नर्स. पायाची पट्टी बदलू का?" आधी तिच्या घरच्या भाषेत, मग अडखळत इथल्या भाषेत. मला दोन्ही कळल्या. डोकं पोकळ असलं की भाषांना जागा भरपूर.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमची मैफल जमायची. घुमी बोलायची, चुकायची, परत बोलायची. मी कधी हसलो नाही. आई तर लेकीच्या आधी माझीच चौकशी करायची, आणि मला स्वतःच्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगायची. "भाऊ मधे बोलत नाहीत, हे किती बरं," असंही म्हणायची.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षेला खाटा जास्त लागतात, म्हणून मलाही झाडूनपुसून बाहेर काढलं. आणि नशीब बघा, घुमी माझ्याच खाटेपाशी आली. मोठ्या बाई माझ्या उशाशी उभ्या होत्या, कारण पेशंटची उत्तरं परीक्षकच देतात.

"नमस्कार, मी तुमची नर्स," घुमी स्पष्ट म्हणाली. "पायाची पट्टी बदलायची आहे. बदलू का?"

बाईंनी आवाज जाड केला. "नको. मला हात लावू नका."

एवढा सराव केला, पण 'नको'चा कधी केला नव्हता! आधीच्या मुलीनं हे ऐकून "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणत सरळ पांघरूण ओढलं होतं.

घुमीनं पुढे केलेला हात मागे घेतला. स्टूल ओढून बसली. "बरं. नको तर नको. पण का नको, सांगाल का?"

"काल ज्या बाईनं पट्टी काढली, तिनं ओरबाडून काढली. जीव गेला माझा."

"मग आज आधी ती भिजवू. सुटेल तेवढीच काढू. दुखलं तर नुसता हात हलवा, मी थांबेन. चालेल?"

बाई म्हणाल्या, "चालेल."

घुमीनं पट्टी भिजवली, अलगद सोडवायला घेतली. घड्याळ पळत होतं. अर्धी पट्टी सुटली आणि माझा ढिला खांदा सरकला. हात खाटेवरून धप्पकन खाली लोंबकळला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, कारण खरा हात तर गेला होता.

दुसरी कोणी असती तर तो हात उचलून वर टाकला असता. घुमी थांबली. "दुखलं का, भाऊ?"

उत्तर बाईंनी द्यायचं होतं. पण बाई तोंडावर कागद धरून हसू आवरत होत्या. घुमी त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडे बघत थांबून राहिली. थांबली ती थांबलीच, आणि घंटा वाजली.

पट्टी अर्धीच राहिली होती. घुमी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडायला लागली. मला वाटलं, आपल्या एका स्क्रूपायी पोरीचं वाटोळं झालं. इतका अपराधी मी कुठल्याही आजारात झालो नव्हतो.

बाई दाराशी गेल्या. "रडतेस कशाला? पट्टी काय, अर्ध्या तासानंही पुरी होईल. तू त्याला विचारलंस आणि थांबलीस. पास आहेस."

घुमीनं एवढ्या मोठ्यांदा "खरंच?" म्हटलं, की पलीकडचा नवा पुतळा बटण न दाबता खोकला.

सगळे गेल्यावर मला परत न्यायला बाई आल्या. सवयीनं त्यांनी माझा पाय धरला. मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही अशी खात्री केली, पाय सोडला आणि अवघडून म्हणाल्या, "आत न्यायचंय तुम्हाला. उचलू का?"

आणि मित्रांनो, त्या थांबल्या.

मला काही बोलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्या थांबल्या. म्हणून माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. घरात कोणी आजारी असेल, तर त्याला हात लावण्याआधी विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर जरा थांबा. पडून राहिलेल्या माणसाला 'हो' म्हणायला थोडा वेळ लागतो.