पुसलेली सुई

कडूबाईच्या दंडावर देवीचे दोन गोल वण होते. लहानपणी टोचलं तेव्हा फोड आले, पिकले, खपली धरली आणि पोरीच्या देवी फुलल्या म्हणून आईनं गूळ वाटला. टोचलं की अंगावर उमटायला पाहिजे, एवढं तिला पक्कं ठाऊक. म्हणून धाकट्या लेकाच्या, चंदरच्या मांडीवर सुई टोचूनही काहीच उमटेना तेव्हा तिच्या जिवाला घोर लागला.

तिची थोरली गोजर डांग्या खोकल्यानं गेली होती. पोर खोकून खोकून निळी पडायची, मग हूप करून श्वास ओढायची. एका सकाळी तो श्वास ओढायचा राहूनच गेला. त्यामुळे जिंतूरच्या दवाखान्यातली नर्स नर्मदाबाई बाजाराच्या दिवशी बोरीच्या चावडीवर येऊन बसली आणि ह्या खोकल्याची सुई आलीय म्हणाली, तेव्हा कडूबाई सगळ्यांच्या आधी उठली. धाकटी जाऊ सुमन आपल्या लेकीला, कस्तुराला घेऊन मागं निघाली. सासू दगडाबाईही निघाली, पण ओलं फडकं कमरेला खोचून.

आता दगडाबाई म्हणजे जुनं खोड. निजाम गेला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण सरकारी माणसावरचा तिचा राग काही गेला नाही. देवी टोचणारा पाठ फिरवतो न फिरवतो तोच ही लेकराचा दंड पुसून मोकळी. देवीआईचा कोप नको म्हणे. ह्याही वेळी सुया टोचून होताच तिनं चावडीच्या आडोशाला दोन्ही नातवंडांच्या मांड्या खसाखसा पुसल्या. दोघी सुना नुसत्या बघत राहिल्या. सासूला बोलणार कोण?

दोन्ही लेकरांना ताप आला आणि उतरला. सुमन निवांत झाली. ताप आला म्हणजे औषध आत गेलं, असं तिचं म्हणणं. कडूबाईला ते पटेना. औषध आत गेलं तर फोड कुठाय? आणि सासूनं पुसून टाकलं तर मग ताप कशाचा? विचार करून करून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

पुढच्या महिन्यात नर्स आली तशी कडूबाई मीठ-मिरचीचं निमित्त काढून, चंदरला पदराखाली झाकून चावडीवर गेली. घरात कुणाला बोलली नाही. सासूनं अडवलं असतं, आणि सुमनच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. नर्सनं पदर बाजूला केला, पोराला ओळखलं. आता हाकलते बघ, असं कडूबाईला वाटलं, तर बाई हसली, शहाणी आहेस म्हणाली आणि सुई टोचून मोकळी झाली. हा टोमणा होता का काय, हे कडूबाईला घरी येईपर्यंत उमगेना. ह्याही वेळी मांडीवर काही फुललं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात ती पुन्हा तशीच गेली. पुन्हा तेच. मग तिनं नाद सोडला. पण मनात नवीनच बोच सुरू झाली: नर्सच्या पेटीत बाटल्या त्या केवढ्याशा. आपल्या पोरानं कुणाच्या वाट्याचं तर खाल्लं नाही?

सुगीच्या तोंडावर खोकला बोरीत शिरला आणि कस्तुराला धरून बसला. तोच तो हूप. एका घरात, एका अंथरुणावर खेळणारी लेकरं. पण चंदर साधा शिंकलासुद्धा नाही. कडूबाईला आनंद झाला आणि झाल्याची लाजही वाटली.

बाजाराच्या दिवशी सगळ्याजणी कस्तुराला घेऊन चावडीवर गेल्या. झालेल्या खोकल्याला ही सुई चालत नाही, आजच्या आज परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या, असं नर्सनं सांगितलं. ते ऐकून कडूबाईचा धीर सुटला.

"बाई, माझ्या पोरानं हिचा वाटा खाल्ला. मी चोरून आणखी दोनदा टोचून नेलं. काय करायचं ते मला करा, पर हिला द्या."

नर्स बघतच राहिली. "अगं, ही सुई तीनदाच घ्यायची असते. एका सुईनं पुरतं भागत नाही. दर महिन्याला आणा म्हणून पहिल्याच दिवशी मी तुमच्या सासूबाईंना सांगितलं होतं."

दगडाबाईनं मान खाली घातली. "मला वाटलं, मी पुसलं म्हणून ह्या बाईची सुई वाया गेली. म्हणून परत बोलवायली. कशाला सांगू मग सुनांना?"

सुमननं सासूकडं बघितलंसुद्धा नाही. ती कडूबाईकडं बघत होती.

"आत्याबाईचं सोडा. तुमी तर जात व्हता, आक्का. मला एक शब्द बोलला असता तर मी बी आले असते की."

कडूबाईनं चूक म्हणून केलं ते बरोबर निघालं होतं, आणि बरोबर म्हणून लपवलं ते चूक. तेवढ्यात कस्तुराला पुन्हा उबळ आली. पोर निळी पडली, हूप करून श्वास ओढला. दगडाबाईनं कमरेचं फडकं काढलं आणि तिचं तोंड पुसलं.

चंदरला तो आवाज म्हणजे खेळच वाटला. तो कडेवर खिदळायला लागला, आणि त्याला गप कसं करावं ते कडूबाईला कळेना.