पिंजाऱ्याचा पाय

त्या थंडीत मी इतका थकलो होतो की रोग्यानं तोंड उघडण्याआधीच मला त्याचा राग यायचा. मोताळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर मी एकटाच. दुसरा द्या म्हणून नागपूरच्या साहेबांना लिहून लिहून बोटं झिजली. त्यात हा बद्रुद्दीन पिंजारी. नडगीवर काट्याचा साधा ओरखडा, त्याचा आता तळहाताएवढा कुजका व्रण झालेला. मी धुवून उघडा ठेव म्हणायचो, आणि हा गृहस्थ कापूस ठासून, वर चिंध्या आवळून यायचा.

शेवटी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "बघ. ते टोकदार काडीसारखे जंतू, आणि ते वळवळणारे नागमोडी. एकेकटे कुणाचं फारसं बिघडवत नाहीत. एकत्र आले की एकाचं उष्टं दुसरा खातो आणि दोघं मिळून मांस कुजवतात. त्यांना हवा सोसत नाही. तू जखम झाकतोस, म्हणजे त्यांना घरच बांधून देतोस. असंच चाललं तर पाय कापावा लागेल."

त्यानं बराच वेळ पाहिलं. "आमच्या गल्लीत सख्ख्या भावाभावाचं पटत नाही, अन् या किड्यायचं पाहा!"

मला हसू आलं, आणि हसण्याचाही कंटाळा आला.

त्याच आठवड्यात त्याच्या घरावरून चाललो होतो. ओसरीवर तो कापूस पिंजत बसलेला, पाय पुन्हा बांधलेला. मी भर रस्त्यात ओरडलो.

त्याची बायको नूरबी पुढे आली. "उघडी जखम पाह्यली तं गादी पिंजाले कोन देईन, डाक्टरसाहेब? लोकायले त्याच कापसावर झोपा लागते. अन् थंडीचेच तं दिवस हायेत आमच्या कामाचे."

"कापसातून हे कुणाला होत नाही."

"मंग तुमची गादी द्या," बद्रुद्दीन म्हणाला. टोमणा नव्हता, तो खरंच मागत होता.

मी दिली. घरी बायको, सत्यभामा, तणतणली, तरी दिली. त्यानं चिंध्या सोडल्या, रोज पोटॅशच्या लाल पाण्यानं पाय धुतला आणि नडगी उघडी टाकून ओसरीवर माझी गादी पिंजली. येणारा-जाणारा थबकून बघायचा. गादी सुरेख झाली. मी तिच्यावर मेल्यासारखा झोपलो. सत्यभामा मात्र सतरंजीवर झोपायला लागली.

त्यानंतर बद्रुद्दीनकडे एकही गादी आली नाही. वाईट कुणीच बोललं नाही. शेजारचे नारायणराव म्हणाले, "मानूस लाखाचा हाये हो. पन मन घेत नाही." त्यांच्यावर चिडावं तर माझ्याच घरात सतरंजी अंथरलेली.

संक्रांतीच्या सुमारास व्रण भरला, वर कोवळी कातडी धरली. शेवटचं दाखवायला आला तेव्हा त्याच्या खांद्यावर गाठोडं होतं आणि मागे नूरबी. शेगावच्या स्टेशनावर हमाली मिळते म्हणून दोघं तिकडे चालली होती.

"आणि पिंजण?"

"इकली." त्यानं नडगी पुढे केली. "पाय वाचवला तुम्ही, साहेब. लई उपकार झाले."

हे तो मनापासून म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. सलाम करून दोघं रस्त्याला लागली. तो जराही लंगडत नव्हता.