खंडेनवमीला तपासलेली विंच

मित्रांनो, बावधनच्या भंगारवाल्याकडे गंजत पडलेली मी एक जुनी विंच आहे. बचाव हेलिकॉप्टरच्या दारावर मला बसवलं होतं. माझी पोलादी दोरी खाली सोडायची आणि अडकलेल्या माणसाला पट्टा बांधून वर ओढायचं, हे माझं काम.

सरकारने एका कंपनीला ठेका दिला आणि २००३ साली मी मुळशीत आले. ताम्हिणीच्या कड्यात अडकलेली पोरं मी वर काढली, तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. मी अगदी हरखून गेले होते.

वर्षातून एकदा दोरीला वजन लावून तपासायचं, असा नियम होता. कंपनीचे मॅनेजर मनीषराव मोठे हुशार. ते तपासणी नेमकी खंडेनवमीला ठेवत. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात, ती चालवत नाहीत. तपासनीस साहेब आले, तेव्हा माझ्यावर झेंडूचा हार होता आणि फोडलेल्या नारळाचं पाणी थेट माझ्या दातेरी चाकात झिरपत होतं.

"दोरी सोडून बघायची ना?" साहेबांनी विचारलं.

"आज यंत्राला हात लावत नाहीत, साहेब."

"हो हो, श्रद्धेचा मान राखलाच पाहिजे," म्हणत साहेबांनी मला हात जोडले, सही ठोकली आणि पुरणपोळीवर ताव मारला. दरवर्षी हेच. मला त्या दोघांची शिसारी येते. देवाच्या आडून कामचुकारपणा करणाऱ्यांइतकं ओंगळ मी या भंगारातही काही पाहिलं नाही.

पुढे एका पावसाळ्यात नदी फुगली. गेणबा नावाचा शेतकरी म्हैस सोडायला गेला आणि नदीकाठच्या पाण्याच्या पंपाच्या खोलीच्या छपरावर अडकला. त्याची बायको रंभाबाई काठावरून आकांत करत होती. मध्ये विजेच्या तारा, त्यामुळे हेलिकॉप्टरला आणखी खाली उतरता येईना. दोरी सोडली. तिचं टोक गेणबाच्या हातांच्या जरा वर असतानाच माझं गंजलेलं चाक अडकलं. तो उड्या मारत राहिला. मग छप्परच वाहून गेलं.

मनीषराव रंभाबाईला समजावू लागले, "बाई, तपासणी झालेली होती. साहेबांची सही आहे."

"मंग ती सहीच सोडायची हुती खाली," रंभाबाई म्हणाली. "आमच्या मालकानं धरली आसती."

चौकशी झाली. दोष यंत्राचा ठरला. मला उखडून फेकलं आणि ठेका पुन्हा त्याच कंपनीला मिळाला. थू!

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या तपासनीस झालं, तर एवढंच करा. विंचेचा पट्टा आधी स्वतःच्या कमरेला बांधा, भरल्या नदीवर लोंबकळा आणि वर या. मग पेन उघडा.