वार्निश लावलेला भाता

मी एक जुना भाता आहे, लोहाराचा. दोन फळ्या, मध्ये चामडं, पुढे नळी आणि वर दांडा. दांडा ओढला की माझ्या पोटात वारा भरतो, सोडला की तो भट्टीत जातो. एवढंच मला येतं.

लोहाराच्या सासऱ्याने मला शिवलं. किती कुदळी, किती बिजागऱ्या माझ्या वाऱ्यावर तापल्या! मग कारखान्याचा माल आला आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा कोपरा चाखूनही पाहिला.

पुढे गावाने आमच्या गल्लीचं जिवंत संग्रहालय केलं. इथे वस्तू कपाटात बसत नाहीत, काम करतात. मोचीमावशी टाके घालते, लोहार माझा दांडा ओढतो, आणि मुलं स्वतः ठोकलेला खिळा घरी नेतात.

मित्रांनो, एके दिवशी हे सगळं बंद व्हायची वेळ आली. नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. वापरून वस्तू झिजतात, तेव्हा सगळ्या काचेआड ठेवा, असं त्यांचं म्हणणं. 'हात लावू नये'ची पाटी त्यांच्या गाडीत तयारच होती.

संग्रहालयाची देखभाल करणाऱ्या ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. भाता जरा चमकावा म्हणून त्यांनी आदल्या दिवशी मायेने माझ्या चामड्याला वार्निश फासलं. चामड्याला तेल लागतं, मित्रांनो. मी वाळून कडक झालो. ओरडून सांगावं, तर माझं तोंड म्हणजे एक नळी.

साहेब आले, मागे शाळेचा अख्खा वर्ग. लोहाराने दांडा धरला आणि थबकला. चामडं कडक झालंय, हे त्याला कळलं होतं. पण सगळे बघत होते. त्याने ओढला.

टर्र. माझ्या कडेला वीतभर चीर पडली.

निखारे काळवंडायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"माझी चूक आहे. वार्निश मी लावलं," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

लोहार रागावला नाही. त्याने समोरच्या मोचीमावशीला हाक मारली. ती आली, मला चाचपून म्हणाली, "वार्निश? अगं, हा काय दरवाजा आहे?"

ताई रडता रडता हसल्या. पण शिवायला वेळच नव्हता. मावशीने चिरेवर ओलं कातडं दाबलं, ताईंनी दुसरं टोक धरलं. लोहाराच्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. दांड्याजवळ उरले फक्त साहेब.

"साहेब, तेवढा दांडा ओढा," लोहार म्हणाला.

"मी?"

"हळू. म्हातारा आहे तो."

साहेबांनी ओढलं. मी धापा टाकत होतो, कडेने वारा फुसफुसत होता. दहा वेळा ओढलं तरी निखारे काळेच. मग एकाची कड लाल झाली.

"किती वेळ ओढायचं?" साहेब घामाघूम झाले होते.

"लोखंड सांगेल."

खिळा झाला, जरा वाकडाच. साहेबांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. जाताना ताईंना म्हणाले, "तेल कुठलं लागतं, ते लिहून द्या." पाटी गाडीतून उतरलीच नाही.

मित्रांनो, माझ्या कुशीवर आता मावशीचे एकवीस टाके आहेत. मला बघायला या, पण नुसते बघून जाऊ नका. बोटाला तेल घ्या, चामड्यावर चोळा आणि मग दांडा ओढा. काचेआड मला वारा मिळत नाही.